पाण्यातले गड : एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

मेहुणा दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीची एक भिंत रिकामी आहे. दाढ धरून बसलेल्या माणसासमोर शांत पाणी असावं असं त्याच्या मनात आलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. ठरलं ते असं : पुण्याहून पहाटे निघून उजाडायच्या आत गाठता येतील अशा जलाशयांमधली गडांची प्रतिबिंबं, आठ प्रिंट, प्रत्येक १६ बाय २४ इंच, फेब्रुवारीअखेर तयार. मी अट एकच घातली. डोंगर संगणकावर उलटा करून खाली चिकटवायचा नाही.

तसं चिकटवलेलं ओळखूही येतं. प्रतिबिंब म्हणजे डोंगराची उलटी प्रत नव्हे. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली नेला असता तर जे दिसलं असतं, ते पाण्यात दिसतं. म्हणून उंचावरून फोटो काढला की अलीकडची टेकडी पाण्यात वाढते आणि पलीकडच्या गडाला कमरेपर्यंत झाकते. वर गड ऐटीत आणि पाण्यात बुटका. दोन्ही सारखे हवे असतील तर कॅमेरा गुडघ्याखाली आणायचा, जमल्यास चिखलात टेकवायचा.

१८ ऑक्टोबर, खडकवासला

उत्तर काठ, कुडज्याची बाजू. इथून पाण्यापलीकडे, दक्षिणेला सिंहगड. याच काठाचा धरणाकडचा भाग एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा आहे, तिकडे कॅमेरा काढायचा नाही आणि धरणाच्या भिंतीकडेही रोखायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सोबत नवखा कोणी असेल तर आधी सांगून ठेवावं.

सूर्योदय साडेसहाला. सूर्य सध्या बरोब्बर पूर्वेच्या थोडा दक्षिणेकडे, होकायंत्रावर १०० अंशांच्या आसपास उगवतोय. म्हणजे सिंहगडाच्या आपल्याकडच्या अंगावर ऊन डावीकडून, घासून येतं. कड्याच्या घड्या उठून दिसायला हे पुरतं. डिसेंबरात हाच सूर्य ११५ अंशांवर सरकतो आणि गडाची उत्तर बाजू सकाळभर सावलीत राहते. जूनमध्ये तो ६५ अंशांवर, ईशान्येकडे जातो, तेव्हा उत्तरेकडचे कडे उजळायला हवेत, पण तेव्हा पाणी खाली गेलेलं आणि वर ढग. एकूण हिशेब केला तर सिंहगडाचं प्रतिबिंब हे ऑक्टोबरचं काम आहे. पाणी काठोकाठ, गवत अजून हिरवं, हवा पावसाने धुतलेली.

पाणी गढूळ आहे. गढूळ पाणीही प्रतिबिंब देतं, फक्त त्यातली काळी जागा पुरती काळी होत नाही, चहात दूध जरा जास्त पडल्यासारखा सगळा रंग उतरतो. ऊन पाण्यावर पडायच्या आत क्लिक केलं तर हा त्रास कमी. एक फ्रेम चांगली मिळाली. गडावरचे टीव्हीचे मनोरे पाण्यातही उतरलेत. मेहुण्याला ते काढून टाकायला हवे आहेत. मला नकोत. पुण्यातल्या निम्म्या लोकांना सिंहगड त्या मनोऱ्यांवरूनच ओळखू येतो.

पानशेतकडे जाणाऱ्या दक्षिण काठावरूनही एक चक्कर मारली. तिथे पाणी जवळ, पण गड पाठीशी. चौपाटीवर भजीवाल्यांच्या गाड्या अजून झाकलेल्या होत्या.

९ नोव्हेंबर, मस्तानी तलाव

दिवे घाटाच्या पायथ्याशी, वडकीच्या अंगाला. दगडी बांधाचा छोटा तलाव, बाजूला घाटाचा उतार. इथे येण्याचं कारण गड नव्हे, तलावाचा आकार. पाण्यावरून वाऱ्याला धावायला जितकी लांब जागा मिळते तितकी लाट वाढते. मोठ्या जलाशयावर मंद झुळूकसुद्धा पलीकडच्या काठापर्यंत सुरकुत्या नेते. इथे तिला धावायलाच जागा नाही. वर घाटातलं गवत हलत होतं आणि खाली पाणी ढिम्म.

अडचण दिशेची. घाटाचा डोंगर आग्नेयेला आणि सूर्य नेमका तिथूनच येतो. डोंगराची आपल्याकडची बाजू काळी ती काळीच. मग उजाडण्याआधीचा निळा प्रकाश घेतला, वीस सेकंदांचं एक्स्पोजर. घाट उतरणाऱ्या ट्रकच्या दिव्यांची नागमोडी रेघ वर एक आणि पाण्यात एक. मला ती फ्रेम फार आवडली. मेहुण्याने मोबाईलवर बघून विचारलं, "हे एक्स-रेसारखं काय आहे?"

लांब एक्स्पोजरबद्दल इथेच लिहून ठेवतो. पाणी हलत असेल तर शटर जास्त वेळ उघडा ठेवून आरसा मिळत नाही. मिळतो तो पुसट, खालीवर ओढलेला रंग, कारण प्रत्येक तरंग डोंगराचा वेगळाच तुकडा दाखवत असतो आणि त्या सगळ्यांची सरासरी फोटोत उतरते. दुधासारखं मऊ पाणी हवं असेल तर छान. पण गडाचा बुरुज पाण्यात मोजता यावा असं वाटत असेल तर पाणी आधी खरंच स्थिर हवं.

२३ नोव्हेंबर, पवना

रविवार होता, हीच गोष्ट पुरेशी. काठाला तंबूंची रांग, रात्रीच्या शेकोट्या विझत आलेल्या. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर तिच्यापेक्षा उबदार थर. धूर त्या थरापर्यंत चढतो आणि तिथेच आडवा पसरतो. समोरच्या तुंग गडाच्या बरोब्बर कमरेवर करडी पट्टी. कॅमेरा पिशवीतून काढला नाही, काठ मात्र पायी फिरून घेतला.

या काठाचं महत्त्व काय ते सांगतो. पहाटेचा प्रकाश पूर्वेकडून, म्हणून उजळतात त्या डोंगरांच्या पूर्वेकडच्या बाजू. त्या बघायच्या तर आपण पूर्व काठावर, पाणी मधे आणि डोंगर पश्चिमेला हवा. ऐकायला सोपं आहे, पण पुण्याच्या आसपास अशी जोडणी सगळीकडे नाही. पवनेत लोहगड-विसापूर उत्तरेला, तिकोना दक्षिणेकडे आणि तुंग पश्चिमेला, पाण्याला अगदी खेटून. तुंगचा आकारही या कामासाठीच घडवल्यासारखा आहे, वर निमुळता होत गेलेला सुळका. त्याला कठीणगड म्हणतात, प्रतिबिंबाच्या बाबतीत मात्र सगळ्यांत सोपा तोच.

दुसरी गोष्ट काठाच्या आकाराची. शाळेच्या भूगोलात पर्वतीय वारे वाचले होते : रात्री उतार निवतात, त्यांच्या अंगची गार हवा घरंगळत खाली दरीत उतरते. ती इथे प्रत्यक्ष कळते. जिथे ओढा किंवा घळ जलाशयाला मिळते त्या तोंडाशी पहाटे पाच वाजतासुद्धा पाणी थरथरतं. दोनशे पावलं बाजूला, जमिनीच्या सोंडेच्या आड, तेच पाणी काचेसारखं. जागा ठरवताना डोंगर कसा दिसतो ते नंतर, आधी मागे घळ नाही ना ते बघायचं.

२७ नोव्हेंबर, पवना

आजचं सविस्तर.

घरून साडेतीनला निघालो, सोबत मेहुणा. काठावर पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. ट्रायपॉडचे पाय पाण्यात, सर्वांत खालच्या मापाला. लेन्स ३५ मिलिमीटर, एफ ११, आयएसओ १००. फोकसचं लिहून ठेवण्यासारखं : प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. डोंगर तीन किलोमीटरवर असेल तर त्याच्या प्रतिबिंबासाठीही फोकस तीन किलोमीटरवरच लागतो. पाण्यावर तरंगणाऱ्या काडीवर फोकस केला तर काडी सुरेख येते आणि तुंग जातो.

मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज शून्याच्या जवळ. ते आकडे साधारण दहा मीटर उंचीवरचे आणि मोठ्या प्रदेशाचे असतात, या खाचेत काय चाललंय ते त्यांना कुठून कळणार. म्हणून मी पिशवीत उदबत्ती ठेवतो. काठावरच्या दोन दगडांच्या फटीत खोचून पेटवली. धूर वीतभर सरळ वर, मग एक गाठ पडल्यासारखा वळून पुन्हा सरळ. जहाजांवर वापरतात त्या ब्यूफोर्ट मापात शून्य म्हणजे आरशासारखं पाणी. एक म्हणजे धूर कलतो आणि पाण्यावर खवल्यांसारखे तरंग येतात. वारा चेहऱ्याला जाणवतो तो दोनला. म्हणजे गालाला वारा लागला म्हणून तुम्ही मान वर करता तेव्हा आरसा मोडून झालेला असतो. उदबत्ती ते आधी सांगते. मेहुणा म्हणाला, "नारळ पण आणायचा होतास."

साडेसहाच्या आधी एक मासेमारी करणारे दादा ट्यूबवर बसून जाळं काढत आले. आमच्या बाजूने गेले असते तर तरंग पसरला असता. मी काही बोलायच्या आतच त्यांनी लांबून वळसा घेतला आणि विचारलं, "फोटू काढताय न्हवं?" मग वाऱ्याचं विचारलं. म्हणाले, "दिस कासराभर वर आला की पानी हालतंय. तवर काय नाय."

सूर्योदय ६:५० च्या सुमाराचा. पण पूर्वेकडे डोंगराची रांग आहे, त्यामुळे पाण्याला सूर्य उशिरा दिसतो. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्याला एक अंश वर चढायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. आडवी रांग पाच अंशांची असेल तर काठावर ऊन वीस-पंचवीस मिनिटांनी पोचतं. गडाचं टोक मात्र उंच, त्याला ते आधीच मिळतं. तांबूस रंग आधी तुंगच्या माथ्यावर आला, तिथून बोटाबोटाने खाली उतरायला लागला. पाणी अजून सावलीत, गार. आणि जोवर आसपासची जमीन तापत नाही तोवर वरची हवा खाली मिसळत नाही, म्हणून वाराही नाही. वर ऊन, खाली सावली, मधे निवांत हवा. माझं सगळं काम या फटीत आहे. पूर्वेला सपाट मैदान असतं तर ऊन गडावर आणि पाण्यावर जवळजवळ एकदमच आलं असतं आणि फट मिटली असती. इतके दिवस पूर्वेचा डोंगर मला अडथळा वाटायचा, तो खरं तर या फोटोचा भागीदार आहे.

सव्वासातनंतर काठावर ऊन आलं. उदबत्तीचा धूर कलला. पलीकडच्या काठापासून एक करडी रेघ पाण्यावरून आमच्याकडे सरकत आली आणि तिने आधी पायथा खाल्ला, मग माथा. घड्याळात ७:२४. दादांचा कासरा माझ्या हिशेबात सूर्योदयानंतर अर्ध्या तासाचा निघाला.

दोन फ्रेम नक्की.

११ डिसेंबर, पाषाण तलाव

जलपर्णीने बरंच पाणी झाकलंय. मोकळा तुकडा सापडला तेवढ्यावर चाचणी. प्रश्न असा की प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किती गडद असतं.

पाण्यात सरळ खाली बघितलं तर ते प्रकाशाचा फक्त २ टक्के भाग परत पाठवतं, बाकी आत जातो, म्हणून पायाजवळ तळाचे दगड दिसतात. नजर जसजशी पाण्याला समांतर होत जाते तसा आकडा झपाट्याने वाढतो : पृष्ठभागाशी २० अंशांवर १३ टक्के, १० अंशांवर ३५, ५ अंशांवर ५८. तुंगचा माथा काठावरून साधारण १० अंशांवर दिसतो. म्हणजे पाण्यातला माथा खऱ्यापेक्षा दीड स्टॉप गडद (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि पायथा त्याहून कमी गडद. एका ठिपक्यापुरता उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने इथल्या इमारतीवर मोजलं तर आकडे याच पट्ट्यात आले.

यावरून दोन निर्णय. ०.६ चा ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे फ्रेमचा वरचा अर्धा दोन स्टॉपने गडद करणारी काच, या कामातून बाद. तो लावला की पाण्यातला डोंगर खऱ्यापेक्षा उजळ होतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. ०.३ चा ठेवायचा किंवा दोन एक्स्पोजर घेऊन जोडायची आणि जोडतानाही खालचा अर्धा जरा गडदच ठेवायचा. दुसरा, पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर. पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंशांवर बघताना तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. रुंद लेन्समध्ये फ्रेमचा खालचा भाग त्याच कोनाजवळ जातो. पायाजवळचे दगड दाखवायचे असतील तर वापरावा, एरवी पिशवीत.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. सगळे जलाशय माणसांनी भरलेले असणार. घरी झोपलो.

१८ जानेवारी, भंडारदरा

हे पहाटे निघून गाठण्याच्या नियमात बसत नाही. शेंडी गावात मुक्काम केला. मेहुण्याने परवानगी दिली, कारण त्यालाही यायचं होतं.

प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. मागचा जलाशय वळणावळणांचा, टोकाला रतनवाडी आणि तिच्या वर रतनगड. उत्तरेला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. पण माझ्या कामाचा रतनगड. तो पाण्याच्या पलीकडे, मावळतीच्या अंगाला आहे आणि शेजारी खुट्ट्याचा सुळका. जानेवारीतला आग्नेयेचा सूर्य या रांगेवर थेट पडतो.

वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरात, तरी आपल्याकडे सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला. पुण्यात ७:१०, इथे आणखी दोन-तीन मिनिटांनी. झोप थोडी जास्त मिळते, थंडीही.

पाण्यावर वाफ. पाणी दिवसभराची ऊब धरून असतं आणि वरची हवा त्याहून बरीच गार, मग पाण्यातून उठलेला ओलावा वर येताच गोठल्यासारखा पांढरा दिसतो. सुरुवातीला वाफ इतकी दाट की आरसा झाकलेला, नुसता रतनगड हवेत तरंगतोय. मग ऊन माथ्यावरून उतरायला लागलं तशी ती विरळ झाली, तिच्यात फटी पडल्या आणि त्या फटींतून पाण्यात खुट्टा दिसला, नेढं (गडाच्या माथ्यावरचं आरपार भोक) दिसलं नाही. पूर्ण आरशापेक्षा हे मला सरस वाटतं. पाणी किती लांबवर पसरलंय ते वाफेमुळे कळतं, निव्वळ आरशात कळत नाही.

कॅमेरा रात्रभर खोलीत न ठेवता व्हरांड्यात पिशवीत ठेवला होता.  गार काचेवर दव धरतंच, म्हणून लेन्सच्या गळ्याला हात गरम करायची पुडी रबराने बांधली. मेहुण्याचा चष्मा मात्र प्रत्येक चहाच्या घोटागणिक पांढरा होत होता.

८ फेब्रुवारी, पवना

हवा धुरकट. पाणी उतरायला लागलंय. पिंपरी-चिंचवडची तहान या पाण्यावर भागते, म्हणून हे दरवर्षी होणारच. काठाला तांबड्या मातीचा नागडा पट्टा उघडा पडलाय. प्रतिबिंबात तो दुप्पट होतो. वर एक, खाली एक, मधे पाण्याची धारेसारखी रेघ. पर्यटनाच्या फोटोंत हा पट्टा कापून टाकतात किंवा त्यावर हिरवा रंग मारतात. मी ठेवला. ही नैसर्गिक सरोवरं नाहीत, धरणं आहेत, त्यांचं पाणी चढतं-उतरतं आणि पवनेच्या पाण्याखाली लोकांच्या जमिनी गेल्या आहेत. फ्रेमखालच्या पट्टीवर ‘लेक’ नाही, ‘पवना धरणाचा जलाशय’ असं छापायचं, हे मेहुण्याशी बोलून पक्कं केलं.

२२ फेब्रुवारी, प्रिंट

आठ नव्हे, सहा प्रिंट काढायच्या. दोन जागा रिकाम्या ठेवल्या.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फाइल ६००० बाय ४०००. चोवीस इंचांवर इंचाला २५० पिक्सेल पडतात. भिंतीवर, दोन हातांवरून बघायला भरपूर. कागद मॅट घेतला. चकचकीत कागदावर काळा रंग जास्त खोल येतो, पण समोरच्या खिडकीचं आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाण्याच्या प्रतिबिंबावर पडतं, ते कोणी बघायचं. पहिल्या नमुन्यात पाण्यातला खालचा भाग शाईत बुडाला. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फाइल पुन्हा तपासली, सावल्या थोड्या उचलल्या, तुंगचा पायथा परत आला.

फोटो सरळ करताना काठाच्या रेषेवर विश्वास ठेवायचा नाही. काठ आपल्या समोर आडवा असतोच असं नाही. एक टोक जवळ असेल तर रेषा तिरकीच दिसते आणि ती सरळ करायला गेलं की सगळा डोंगर कलतो. शिखर आणि त्याचं प्रतिबिंब एका ओळंब्यात यायला हवं. पडद्यावर उभी रेघ टाकून रतनगडचा खुट्टा वर-खाली जुळवला. काठ तिरका राहिला, राहू दे.

क्षितिज बरोबर मध्यावर ठेवू नये असं फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात सांगतात. आरसा पूर्ण असेल तर मी मध्यावरच ठेवतो. सिंहगडाच्या फ्रेमला मात्र खाली जास्त जागा दिली, तिथे वरच्या आकाशात काही नव्हतं.

ट्रकच्या दिव्यांची फ्रेम सहांत आहे. मेहुण्याने ती स्वतःच्या खुर्चीसमोर, आतल्या खोलीत लावायचं ठरवलंय.

१५ मार्च

उरलेल्या दोन जागांसाठी. पवनेत पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात काही काळ दिसतं. मंदिर पूर्ण वर आलेलं नको. पायथ्याशी वीतभर तरी पाणी उभं हवं, नाहीतर प्रतिबिंब कशात. म्हणजे तारीख माझ्या हातात नाही, पाणी किती सोडतात त्यावर आहे. काठावरच्या दादांना विचारत राहायचं, त्यांना ते आधी कळतं.

एप्रिलच्या शेवटी पुण्यात सूर्योदय ६:१० च्या सुमाराला, दिशा साधारण ७६ अंश, म्हणजे पूर्वेच्या जरा उत्तरेकडे. हिवाळ्यात जिथे उभा होतो ती जागा चालणार नाही, काठ नव्याने शोधायचा. रात्री तेवढ्या गार नसतील, वारा लवकर उठेल, उदबत्तीचा पुडा नवा घ्यायचा. आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळात ट्रायपॉडचे पाय रुततात. सुताराकडून तळहाताएवढ्या तीन फळ्या कापून घ्यायच्या, प्रत्येकीला मधे खाच, दोरी बांधायला कडेला भोक.